पुसलेला लाल ठिपका

दुकानात शिरलेला माणूस आधी माझ्याकडं बघतो, मग माझ्या मागं बघतो. मागं भिंत आहे. भिंतीवर खिळे, खिळ्यांना वायरींची भेंडोळी आणि एक गणपतीचं कॅलेंडर. मग तो विचारतो, "भाऊ जेवायला गेलेत का?" मी म्हणते, "भाऊ नाहीत. काय बिघडलंय ते टेबलावर ठेवा." काहीजण ठेवतात. काहीजण "मग येतो" म्हणून जातात, दोन दुकानं फिरतात आणि तासाभरानं परत येतात. परत आलेल्यांना मी मुद्दाम पाच मिनिटं उभं ठेवते. वय झालं, तरी ही खोड काही गेली नाही.

पुंडलिकनगरातल्या या गाळ्यात मी पंखे, मिक्सर, टीव्ही, इन्व्हर्टर, जे समोर येईल ते उघडत आले. आता डोळे साथ देत नाहीत, म्हणून सकाळचेच चार तास बसते. दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "विजूताई, बाईमाणसानं असला धंदा केला, त्यातल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, सांगतेही. पण मी हो म्हणाले ते गमतींसाठी नाही. पिशोरच्या एका गुरुजींच्या घरात मी जे करून ठेवलं, ते मला एकदा स्वतःच्या हातानं लिहून काढायचं होतं. दिवाळीच्या फराळासोबत वाचायला ते बरं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी या धंद्यात आले ती पोटासाठी. लग्नाआधी आयटीआय केलं होतं, लग्नानंतर वाळूजच्या एका कारखान्यात बायकांच्या लाइनवर सोल्डरिंग करत होते. कारखाना बंद पडला. आमचे हे तेव्हा एका सोसायटीत लिहिणावळीचं काम करायचे, त्यात घर चालेना. सासऱ्यांच्या वडिलांनी भिक्षुकी केलेली, सासरे जिल्हा परिषदेत हेडक्लार्क. अशा घरची सून शहागंजाकडच्या हमीदभाईंच्या दुकानात स्क्रू उघडायला बसली, तेव्हा नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. सासरे काही बोलले नाहीत. महिन्याभरानं त्यांनी स्वतःचा रेडिओ आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "खरखरतोय, बघ जरा." त्या रेडिओनंतर घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

हमीदभाईंनी मला जे शिकवलं, त्यातलं निम्मं एका वस्तूबद्दल होतं. पुस्तकात तिला कपॅसिटर म्हणतात, बाजारात कंडेन्सर. पंख्याच्या वाटीत जो पांढरा किंवा काळा डबीसारखा तुकडा असतो, तोच. त्याचं काम एवढंच, की वीज क्षणभर साठवून ठेवायची आणि लागेल तशी सोडायची. मोटरीला सुरू होताना जो जोर लागतो, तो हा देतो. हा म्हातारा झाला, की पंखा रेंगाळतो, कूलर नुसताच गुरगुरतो, टीव्ही लागतो आणि विझतो. मराठवाड्यात एप्रिल लागला की निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात, "मोटर जळाली ताई," आणि जळालेलं काहीच नसतं. कंडेन्सर बदलला की पंखा पुन्हा वारा द्यायला लागतो आणि गिऱ्हाईक माझ्याकडं संशयानं बघतं, की एवढंच होतं तर ही बाई इतका वेळ करत काय होती.

करत काय होते, तर मोजत होते. माझं मीटर हातात मावेल एवढं, पिवळ्या रंगाचं, कडेला रबर उडालेलं. कंडेन्सरवर आकडा लिहिलेला असतो. पंख्याचा अडीच, कूलरचा चार, मोठ्या मोटरीचा मोठा. मीटरच्या दोन पिना त्याच्या दोन पायांना लावायच्या, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि लिहिलेलं आणि दिसलेलं जुळतंय का ते बघायचं. अडीचच्या जागी दोन आलं, तर पंखा हळू फिरणार. एक आलं, तर हातानं ढकलावा लागणार. इतकं सोपं काम आहे, आणि त्यातच माणसं चुकतात.

पहिल्याच आठवड्यात मी चुकले. एका मशीनचं बटण बंद केलं, पिन काढली आणि कंडेन्सरला हात लावला. खांद्यापर्यंत असा झटका बसला, की स्टुलावरून खाली. हमीदभाईंनी आधी मला उठवलं, पाणी दिलं, मग रागावले. "बेटी, बंद है बोलके हात नको लगा. बंद हुआ, खाली नई हुआ." मग दोन वायरी जोडलेला एक बल्ब कंडेन्सरच्या पायांना लावून दाखवला. बल्ब एकदा भकन पेटला आणि विझला. म्हणजे बटण बंद होतं तरी एवढी वीज आत बसून होती. तेव्हापासून बल्ब लावून रिकामा केल्याशिवाय मी कंडेन्सरला हात लावलेला नाही, मीटर तर नाहीच.

दुसरी चूक शिकलेल्या माणसांची. आमच्या गल्लीत एक इंजिनियर साहेब आहेत. त्यांनी मोबाइलवर बघून स्वतःचं मीटर आणलं आणि एका रविवारी टीव्हीचा बोर्ड घेऊन आले. "विजूताई, यातले सगळेच कंडेन्सर गेलेत. मी एकूण एक तपासले." मी विचारलं, "पाय काढून तपासले का बोर्डावरच?" बोर्डावरच तपासले होते. बोर्डावर एकाला पिन लावली, की शेजारचे चार पार्ट मधे बोलतात आणि मीटर त्या सगळ्यांचं मिळून काहीतरी सांगतं. मी एकेकाचा पाय मोकळा करून मोजला. अकरातला एक खराब निघाला. साहेब त्यानंतर दोन महिने माझ्याकडं बघून रस्ता बदलायचे.

पाचोडचे एक शेतकरी दर दोन-तीन महिन्यांनी यायचे. विहिरीवरच्या मोटरीचा कंडेन्सर ते टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून आणायचे. डॉक्टरकडं लेकरू आणावं तसं. टेबलावर ठेवताना म्हणायचे, "ताई, रातच्याला लई तापला व्हता. बघा बरं नाडी." मी मीटर लावायची, ते श्वास रोखून आकड्याकडं बघायचे. आकडा बरोबर आला, की म्हणायचे, "म्हंजी नाटक करतंय व्हय." त्यांना मी प्रत्येक वेळी सांगायची, की काका, थंड असताना आकडा बरोबर येतो, तापल्यावर बदलू शकतो. हे मी त्यांना सांगायची. मला ते ठाऊक होतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

आता मुद्द्याचं. आमच्या धंद्यात नवा पार्ट प्रत्येक वेळी हाताशी नसतो. म्हणून भंगारात गेलेल्या मशीनमधले चांगले पार्ट काढून ठेवतात. त्याला आम्ही 'काढलेला माल' म्हणतो. प्रत्येक दुरुस्तीवाल्याकडं त्याचा एक डबा असतो आणि त्यात वाईट काही नाही. पण हमीदभाईंचा एक नियम होता. काढलेल्या पार्टवर लाल ठिपका द्यायचा, गिऱ्हाइकाला तो दाखवायचा आणि सांगायचं. "हौ बोला तो डाल, नको बोला तो नको डाल. पूछे बिना डाला तो वो चोरी है." ते लाल रंग वापरायचे, मी नेलपॉलिश वापरायला लागले. माझ्या हाताला ती कधी लागली नाही, डब्यातल्या कंडेन्सरांना मात्र सगळ्यांना लागलेली होती.

जाधव गुरुजी माझ्याकडं आले ते उन्हाळ्यातल्या एका सोमवारी, साडेअकराच्या सुमाराला. पिशोरच्या शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेली, पांढरा सदरा, पायात धुळीनं माखलेल्या चपला. त्यांची मुलगी सुनंदा आमच्या मागच्या गल्लीत राहते, तिनं पाठवलं होतं. सोबत जीपवाला, आणि जीपमध्ये ऑक्सिजनचं मशीन. हवा आत ओढायची, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करायचा आणि नळीनं रोग्याच्या नाकात सोडायचा, असं ते मशीन असतं. आत हवा दाबणारा कॉम्प्रेसर असतो आणि कॉम्प्रेसरला कंडेन्सर. गुरुजींच्या पत्नीची, माईंची, फुफ्फुसं चुलीच्या धुरानं कामातून गेलेली. दिवसातले सोळा-सतरा तास त्यांना नळी लागायची.

गुरुजींनीही सगळ्यांसारखं आधी माझ्या मागं बघितलं. मग म्हणाले, "ताई, माई घरी सिलिंडरवर आहे. उद्या सकाळपर्यंत पुरंल. तुम्हाला हे जमंल का, का दुसऱ्या कोणाला दाखवू? स्पष्ट सांगा, मला राग नाय. माणसाच्या जिवाचं काम हाय."

त्यांच्या बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. पण मला ते लागलं. इतकी वर्षं काढली, तरी जिवाचं काम म्हटलं, की माझ्या मागं कुणी पुरुष आहे का ते बघतात, हे माझ्या डोक्यात गेलं. मी म्हणाले, "बसा गुरुजी. दीड तासात घेऊन जा."

मशीन उघडलं. कॉम्प्रेसर नुसताच घुमत होता. बल्ब लावून कंडेन्सर रिकामा केला, पाय काढले, मीटर लावलं. लिहिलेलं बारा, दिसलं सात. बिघाड सापडला, दहा मिनिटांत. मला वाटलं, आता यांना दाखवतेच. कपाट उघडलं आणि बाराचा नवा कंडेन्सर नव्हता. पैठण गेटच्या दुकानदाराला फोन केला. बाजाराची सुट्टी होती, तो उद्या देतो म्हणाला.

इथं दोन सरळ वाटा होत्या. एक, "गुरुजी, पार्ट उद्या मिळेल, तोवर सिलिंडरची सोय करा." दुसरी, "काढलेला आहे, चालेल का? आठ दिवसांत नवा टाकून देते." दोन्हींत लाजण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पण नुकतंच तोऱ्यात "दीड तासात" म्हणून बसले होते, आणि ते समोर बसून माझ्या हातांकडं बघत होते. "माझ्याकडं नवा नाही" हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघेनात.

मी डब्यातून एक काढलेला बाराचा घेतला. तसल्याच एका मशीनमधला होता. मीटरवर बारा पॉइंट एक. दिसायला स्वच्छ, फक्त टोकावर लाल ठिपका. मी गुरुजींकडं पाठ केली, चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि ठिपका पुसला.

कंडेन्सर बसवला. मशीन सुरू झालं, एकसारखा आवाज यायला लागला. गुरुजी उठून जवळ आले आणि त्यांनी विचारलं, "नवा टाकला ना, ताई?"

मी तोंडानं हो म्हणाले नाही. मीटर त्यांच्यासमोर धरलं, जुन्याचा सात दाखवला, मग म्हणाले, "आणि हा बारा पॉइंट एक होता. तुम्ही बसल्या बसल्या बघितलाच की." त्यांनी मान हलवली. माणूस मास्तर, आकड्यावर विश्वास ठेवणारा. जाताना म्हणाले, "मघाशी मी बोललो त्याचा राग धरू नका. तुमचा हात चांगला आहे." मी खूश झाले. लिहायला लाज वाटते, पण खूश झाले.

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगते. मीटर कंडेन्सरला अगदी हलकी वीज देऊन मोजतं, आतल्या लहानशा बॅटरीवर. कामाला लागल्यावर त्याला घरातली पूर्ण वीज सोसावी लागते, तासन्‌तास, गरम होत. सायकलची जुनी ट्यूब दुकानात हवा भरून बघितली तर टिकते, डांबरी रस्त्यावर दुपारी फुटते, तसंच हे. काढलेल्या मालाचा आकडा बरोबर आला, म्हणजे तो आज बरोबर आहे, एवढंच कळतं. पाचोडच्या काकांना मी हेच तर सांगायची.

मंगळवारी पैठण गेटवरून नवा कंडेन्सर आला. मी तो कपाटात ठेवला. सुनंदाला हाक मारून निरोप द्यायचा, पुढच्या वेळी गुरुजी आले की बदलायचा, असं मनात होतं. पण बदलायचा तर का बदलायचा ते सांगावं लागलं असतं. बुधवार गेला, गुरुवार गेला.

शनिवारी दुपारी पिशोरात मशीन बंद पडलं. हे मला नंतर कळलं. गावात नळाला पाणी आलं होतं, अंगणातल्या हौदातलं पाणी गच्चीवर चढवायला गुरुजींनी मोटर लावली. मोटर सुरू झाली आणि आतल्या खोलीत मशीन शिट्टी देऊन थांबलं. त्यांनी धावत येऊन सिलिंडर लावलं, पण त्यात थोडाच ऑक्सिजन उरलेला होता. जीप मिळवून कन्नडला दवाखान्यात नेईपर्यंत माईंच्या ओठांचा रंग बदललेला होता. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात फारसं काही उरलंच नव्हतं, आज ना उद्या हे होणार होतं. डॉक्टरांचं हे वाक्य मी पुढं किती वेळा स्वतःला म्हणून दाखवलं, त्याला गणती नाही. पण आज आणि उद्या यांत फरक असतो, हे ज्याचं माणूस गेलंय त्याला कळतं.

तेराव्यानंतर सुनंदा मशीन घेऊन आली. "नीट करून द्या ताई. कुणा गरजूला देऊन टाकू म्हणतात बाबा." तिच्यासमोरच झाकण काढलं. माझा कंडेन्सर वरून फुगलेला होता, पापडासारखा. मीटर लावलं, आकडा आलाच नाही. सुनंदा म्हणाली, "मोटर लावल्यामुळं झालं का हो हे? बाबा तेच धरून बसलेत. म्हणतात, मी बटण दाबलं आणि तिचा श्वास बंद केला."

तिला तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "व्होल्टेजचं काही सांगता येत नाही."

ठिपका पुसला तो एका क्षणाच्या मस्तीत. हे वाक्य मात्र मी शुद्धीत बोलले. पहिल्या चुकीपेक्षा ही मोठी, असं मला आजही वाटतं. नवा कंडेन्सर बसवून मशीन दिलं. फुगलेला टाकून दिला नाही, कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला. का ठेवला ते तेव्हा कळलं नाही.

दोन वर्षं गेली. काढलेल्या मालाचा डबा मी मधेच कधीतरी भंगारवाल्याला दिला. हमीदभाई तोवर वारले होते, त्यांना सांगायची सोयही उरली नव्हती. आमच्या ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आता उकरून काय होणार?" मलाही ते सोयीचं वाटलं. सुनंदा अधूनमधून मिक्सर, इस्त्री घेऊन यायची, मी बाबा कसे आहेत विचारायची, ती बरे आहेत म्हणायची.

यंदा संक्रांतीनंतर ती आली, तेव्हा मी सवयीनं विचारलं. ती म्हणाली, "काय सांगू ताई. कंबर धरलीय. पंचाहत्तरीचा माणूस, हौदातनं दोर लावून बादल्या ओढतो आणि डोक्यावर घेऊन जिना चढतो. मोटर आहे, लाइट आहे, बटण दाबायचं फक्त. पण त्या दिवसापासनं त्यांनी त्या बटणाला हात लावला नाही. मी गेल्यावर लावायला गेले, तर मनगट धरलं माझं. म्हणाले, त्या बटणानं तुझी आई गेली."

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. दोन वर्षं मला वाटत होतं, की मी गप्प राहिले म्हणजे मी माझं ओझं वाहतेय. वाहत होते ते गुरुजी, रोज, जिना चढून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं पिशोरला गेले. पिशवीत कामाची नेहमीची हत्यारं, मीटर आणि कागदात गुंडाळलेला तो कंडेन्सर. गुरुजी अंगणातच होते. हौदाच्या कडेला दोर, दोन बादल्या. मला बघून त्यांना आनंद झाला, हे जास्त वाईट होतं. "या, या ताई. सुनंदाचं काही काम काढलंत का?" खुर्ची दिली, स्वतः ओट्यावर बसले. त्यांच्या दोन्ही तळव्यांना घट्टे पडलेले होते.

मी पाणीसुद्धा घेतलं नाही. घेतलं असतं तर बोलणं झालं नसतं. कंडेन्सर त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. नवा नव्हता, काढलेला टाकला, ठिपका पुसला, तुम्ही विचारलंत तेव्हा मीटर दाखवून वेळ मारून नेली. मंगळवारी नवा आला तरी कळवलं नाही. सुनंदानं विचारलं तेव्हाही खरं बोलले नाही.

गुरुजींनी तो फुगलेला तुकडा उचलून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे मोटरीनं नाय?"

"मोटरीनं व्होल्टेज पडलं असेल, म्हणून त्याच दिवशी गेला. मोटर लावली नसती तर आणखी चार दिवसांनी गेला असता. नवा असता तर मोटर लावूनही काही झालं नसतं. चूक तुमची नाही गुरुजी. माझी आहे."

"त्या दिवशी तुम्ही मला हे सांगितलं असतं, की जुना टाकतेय, तर मी काय केलं असतं?"

"दुसरीकडं गेला असता."

"नाय." त्यांनी मान हलवली. "तुमच्याकडनंच टाकून घेतला असता. तिकडं माई सिलिंडरवर, मी कुठं हिंडणार होतो? पण एक भरलेलं सिलिंडर घरात आणून ठेवलं असतं. जुनं हाय म्हटल्यावर माणूस जपून राहतो. तेवढंच केलं असतं."

सारं काही तेवढ्यात आलं होतं. मला रडू आलं नाही, नुसती लाज वाटली. त्या अंगणातून उठून कुठं जावं ते कळेना, इतकी.

"सुनंदाला सांगितलं का?"

"नाही. आधी तुम्हाला."

"मी सांगतो तिला. तुम्ही नका सांगू." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "दोन वर्षं मी माईच्या फोटोसमोर उभा राहत नाय. दिवा लावतो आन्‌ मागं फिरतो. मीच मारलं असं धरून चाललो होतो."

ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. भिंतीवर मोटरीचं बटण होतं, त्यावर कोळ्यानं जाळं केलेलं. धोतराच्या सोग्यानं त्यांनी ते पुसलं, जरा थांबले आणि बटण दाबलं. मोटर नुसती घुमत राहिली, फिरली नाही. दोन वर्षं बंद पडलेल्या मोटरीचं असंच होतं, आधी कंडेन्सर बघायचा असतो. माझा हात आपोआप पिशवीत गेला. मीटर निम्मं बाहेर आलं होतं.

गुरुजींनी बटण बंद केलं आणि माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. दोन वर्षांत तो चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते, पण मन हलकं झालेला माणूस ओळखू येतो.

"राहू द्या ताई," ते म्हणाले. "गावात एक वायरमन हाय. त्याला बोलावतो मी."

"बरं," मी म्हणाले, आणि पिशवीची चेन लावली.